मुदतीबाहेरची रांग

सही करायला बाबांनी पेन उचललं, टोपण काढलं, नकाशावर वाकले आणि टोपण पुन्हा लावून पेन खाली ठेवलं.

"आधी बाहेरच्यांचं होऊ दे," ते म्हणाले. "केव्हाचे बसलेत बिचारे."

टेबलाभोवतीच्या चौघांनी एकदम पॅसेजकडे पाहिलं. पॅसेजमध्ये भिंतीला लागून लांबलचक बाकडं होतं. बाकड्यावर दुपारच्या उन्हाचा एक पट्टा पडला होता. बाकी काही नव्हतं.

"कोण बसलंय, बाबा?" थोरल्याने विचारलं. थोरला मुलगा बांधकामाचे ठेके घ्यायचा. साइटवर ओरडून ओरडून चढलेला आवाज घरातही खाली यायचा नाही.

"रांग आहे. रांग मोडून घरच्यांची कामं करायची माझी पद्धत नाही. तुम्हाला माहीत आहे."

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. थोरल्याच्या बायकोने, घरात सगळे जिला थोरलीच म्हणत तिने, नवऱ्याकडे न बघता आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचला नियोजन कार्यालयाची खिडकी बंद होणार होती. कार्यालयापर्यंत जायला गाडीने पंचवीस मिनिटं. या हिशेबात वेड्यासारखं काही बसवायला जागा नव्हती.

टेकडीपलीकडच्या जमिनीचे तीन प्लॉट पाडायची मंजुरी मिळाली त्याला आज बरोबर तीन वर्षं होत होती. तीन वर्षांच्या आत सगळ्या मालकांच्या सह्यांचा अंतिम नकाशा नियोजन कार्यालयात दाखल करायचा, नाही तर मंजुरी रद्द, असा कायदा. पूर्वी मुदतवाढ मागता यायची, आणि त्याच भरवशावर विहिरीचा प्लॉट कोणाला यावरून ही भावंडं तीन वर्षं एकमेकांशी भांडत राहिली. पण यंदा कायदा बदलला. मुदतवाढ बंद झाली. शिवाय एकदा मंजुरी गेली की एवढ्या लहान जमिनीचे पुन्हा तुकडे पाडता येणार नाहीत. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

पाचच्या आत खिडकीत हातोहात मिळालेला नकाशाच दाखल समजावा, ही त्या कायद्यातली ओळ मात्र जुनीच होती, आणि ती बाबांच्याच हातची होती. एकतीस वर्षं त्यांनी त्या कार्यालयात आवक खिडकी सांभाळली. मसुदा करायला बसलेल्या समितीतही तेच होते. माघारी लोक त्यांना घड्याळसाहेब म्हणायचे. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, आमच्याकडे दूध उतू गेलं तरी वेळेवर जातं.

थोरला उठला. त्याने पेनचं टोपण काढलं, बाबांच्या बोटांत पेन धरवलं आणि त्यांचा हात आपल्या हाताने नकाशावर आणला. "इथे. फक्त इथे. मग बसा रांगेशी बोलत."

बाबांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. ओळख नव्हती त्या नजरेत. रागही नव्हता.

"साहेब, रांग मोडू नका," ते शांतपणे म्हणाले. "मागचे लोक काय म्हणतील?"

थोरल्याचा हात आपोआप सुटला.

"बास झालं," ताई म्हणाली. ताई म्हणजे थोरलीची नणंद. दवाखान्यातलं औषधांचं दुकान सांभाळायची, आणि आई गेल्यापासून बाबांनाही. "मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला मागच्या महिन्यातला आहे. आज त्यांना माणसं दिसताहेत. असल्या सहीवर मी माझी सही करणार नाही."

"तुला मुळात वाटणी नकोच आहे," थोरला म्हणाला.

"नकोच आहे! एकदा तीन प्लॉट झाले की तीन घरं, तीन कुलपं. मग हे कोणाच्या घरात? नकाशात दाखव मला."

"ताई, अगं विषय काय, वेळ काय," धाकटा कळवळला. त्याचं टायरचं दुकान होतं, आणि भांडण कुठलंही असो, तो हवा निघाल्यासारखा मध्ये बसायचा. वाटणी हवी की नको, यात आजवर तो दादाच्या बाजूचा होता. आज मात्र तो बोलताना दोघांकडेही बघत नव्हता. त्याची नजर बाकड्यावर होती.

थोरलीने पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. अठरा वर्षं ती या दुसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्यांत सगळ्यांची मनं राखत आली होती. दोन नंबरच्या प्लॉटवर स्वयंपाकघराची खिडकी कुठे येईल हे तिने मनात कधीच ठरवून टाकलं होतं. पूर्वेला. ओट्यासमोर. खिडकीतून बघताना मागे कोणी उभं नसेल अशी.

ती डोळ्यांच्या इस्पितळात कामाला होती. दिवसाला नव्वद माणसं नंबराने आत सोडायची. चिडलेली, आंधळी, घाबरलेली, पुढे घुसणारी. रांगेचं तिला नवल नव्हतं.

तिने पर्समधून टोकनची वही काढली आणि सासऱ्यांसमोर बसली.

"बाबा, मी नंबर पुकारू? तुम्ही बघा, मी पोच लिहिते. रांग संपली की आपली सही. चालेल?"

बाबांचा चेहरा उजळला. "तुला जमेल. तू रांगेला रांग म्हणतेस."

"वहिनी, तू यांच्या भ्रमात सामील होणार?" ताईने विचारलं.

"मी यांची रांग संपवणार," थोरली म्हणाली. मग पॅसेजकडे तोंड करून, रोजच्या आवाजात, "नंबर एक."

बाकडं करकरलं.

जुनं लाकूड, दुपारची वेळ, करकरणारच. पण ते टेबलाकडच्या टोकाला करकरलं, मग जरा मागे, मग आणखी मागे, थेट दाराजवळच्या टोकापर्यंत. बसलेली माणसं एकेक जागा पुढे सरकावीत तसं.

बाबांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या वर, उभ्या माणसाच्या तोंडाएवढ्या उंचीवर पाहिलं, आणि नजर हळूहळू खाली आणली. "बसा. फाईल नंबर सांगा." ऐकलं. "सहाशे आठ. नदीकाठ, पाच प्लॉट. सोळा दिवस उशीर. आठवतंय." त्यांनी शिक्का मारावा तशी मूठ टेबलावर आपटली. "घेतली. पोच लिही."

थोरलीने लिहिलं. सहाशे आठ, नदीकाठ, पाच प्लॉट.

"नंबर दोन."

असं सुरू झालं. सुरुवातीला तिचं अर्धं लक्ष घड्याळावर होतं. एकेकाला सहा-सात मिनिटं लागत होती. बाबा कोणावर डोळे वटारत नव्हते, कोणाला घाई करत नव्हते. नोकरीत त्यांनी असं कधी केलं असेल असं तिला वाटलं नाही. खोलीत हळूहळू एक वास भरत होता, कपाटात वर्षानुवर्षं बांधून ठेवलेल्या कागदांचा, आणि त्यात घामाचा. खिडक्या उघड्या होत्या तरी तो जात नव्हता.

चौथ्या नंबरला बाबांनी एकाऐवजी तिघांना बसायला सांगितलं. धाकट्याने आपली खुर्ची मागे घेतली. का घेतली हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"तिघे भाऊ," बाबा म्हणाले. "मुदत गेली, वाटणी राहिली. हं. मग? एकाच घरात राहिलात." बराच वेळ ते ऐकत होते. "दार आतून कोणी लावलं होतं?" पुन्हा ऐकलं. "आणि दिवा?" मग त्यांनी डोळे मिटले. "मला हे कोणी कळवलं नाही. मी फक्त फाईल परत केली होती."

मूठ हलकेच टेबलावर पडली. "घेतली."

थोरल्याने कपाळावरचा घाम पुसला. "काय बोलतायत हे," तो पुटपुटला, पण त्याचा साइटवरचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. त्याने धाकट्याकडे पाहिलं आणि धाकट्याने त्याच्याकडे. तीन वर्षांत पहिल्यांदाच दोघांनी एकमेकांकडे काही मागणं नसताना पाहिलं असेल.

सातव्या नंबरानंतर धाकटा म्हणाला, "मी बघतोच काय आहे ते," आणि जाऊन बाकड्याच्या मधोमध बसला. बसला आणि हसला. "काही नाही रे, नुसतं—" हसू तिथेच राहिलं. तो सावकाश उठला, जणू कोणाचा धक्का लागू नये म्हणून अंग चोरून, आणि परत आला.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"गरम आहे."

"ऊन पडतं तिथे."

"ऊन या टोकाला आहे, ताई. मी बसलो ती जागा सावलीत आहे. तिथून कोणीतरी नुकतंच उठल्यासारखी गरम आहे."

"नंबर आठ," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात फरक पडला नाही. पडू द्यायचा नाही हे तिने ठरवलं होतं. इस्पितळातही हेच, पुकारणाऱ्याचा आवाज हलला की रांग हलते.

नवव्या नंबरला बाबा उठून उभे राहिले. एकतीस वर्षांत ते कोणासाठी उभे राहिल्याचं घरात कोणी ऐकलं नव्हतं.

"बाई, पाच वाजून चार मिनिटं झाली होती," ते म्हणाले. "पण त्याआधी मी तुम्हाला पाहिलं होतं. पाचला दोन मिनिटं कमी असताना. रस्त्यापलीकडे होतात, छत्री उलटी झाली होती, नकाशा पदराखाली धरला होता. मला माहीत होतं तुम्ही कुठे निघालात. मी खिडकी उघडी ठेवू शकत होतो." ते खुर्चीकडे वाकले. "मी घड्याळाकडे बघत बसलो. तुमच्याकडे बघायचं नाही म्हणून घड्याळाकडे बघत बसलो."

ताई आत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. बाबांसाठी असेल असं थोरलीला वाटलं. पण ताईने तो रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला आणि बाबांच्या पाठीवर हात ठेवून तिथेच उभी राहिली. त्यानंतर भ्रम हा शब्द तिने काढला नाही.

दहा, अकरा, बारा. थोरला खिडकीपाशी जाऊन रस्त्याकडे बघत राहिला. चौदाव्या नंबरला त्याने वळून विचारलं, "अजून किती आहेत?" त्याने ते बापाला विचारलं नव्हतं. बायकोला विचारलं होतं.

"तीन," थोरली म्हणाली. आणि आपण बाकड्याकडे न बघता हे सांगितलं, हे तिच्या मागाहून लक्षात आलं.

सतरावा नंबर शेवटचा. चार वाजून आठ मिनिटं. बाबांनी त्याच्याकडे पाहून भुवया आवळल्या.

"तुम्ही नवे दिसता. माझ्या वेळचे नाही." ऐकलं. "आज? आजच? मग घाई कसली केलीत, आजोबा, संध्याकाळपर्यंत वेळ होता." पुन्हा ऐकलं, मान हलवली. "असू दे, असू दे. ती हिरवी दोरी सोडू नका, तशीच द्या. नंबर? दोनशे एकोणनव्वद. चार प्लॉट, शाळेमागे."

मूठ आपटली. थोरलीने लिहिलं.

या वेळी बाकडं करकरलं नाही. वास गेला होता. रस्त्यावरून कोणाच्या तरी रेडिओचा आवाज आला, आणि तो दोन तासांत आपल्याला ऐकू आला नव्हता हे सगळ्यांना एकदमच जाणवलं.

बाबांनी नकाशा ओढून घेतला आणि एका दमात सही केली. सरळ, ठाम, नोकरीतली सही. मग पेन ताईपुढे केलं. "घे पोरी. आता आपलं."

ताईने पेन हातात घेऊन थोरलीकडे पाहिलं. "बाबा कोणाकडे, हे अजून कोणी सांगितलेलं नाही."

थोरलीला पूर्वेची खिडकी दिसली. मागे कोणी उभं नसलेली.

"माझ्याकडे," ती म्हणाली. "आणि तुलाही वाटलं तर तूसुद्धा."

ताईने सही केली. तिच्यामागून दोघा भावांनी केली, आणि विहिरीचं नावही निघालं नाही.

*

धाकट्याने गाडी अशी हाणली की थोरलीने सगळ्या रस्त्यात एकदाच श्वास घेतला असेल. थोरला आणि ताई बाबांजवळ थांबले होते. पाचला अठरा मिनिटं कमी असताना ती खिडकीशी पोचली. पुढे दोघेच होते, मागे बघता बघता कितीतरी जमले. शेवटच्या दिवशी सगळ्या गावाला एकदमच मुदत आठवली होती.

तिचा नंबर आला तेव्हा आठ मिनिटं उरली होती. खिडकीतल्या चष्मेवाल्या बाईने नकाशा उलगडला, सह्या मोजल्या, हद्दी पट्टीने तपासल्या. एकेक रेघ. मागे कोणीतरी "जरा लवकर हो" म्हणालं. थोरलीने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं तर चेहरा लक्षात राहील, हे तिला ठाऊक होतं.

बाईच्या कोपराशी एक फाईल पडली होती. हिरव्या दोरीने बांधलेली. वर निळ्या शाईत दोनशे एकोणनव्वद.

"ही कोणाची?" थोरलीने विचारलं.

बाईने मान वर केली नाही. "एक आजोबा होते. सकाळी आले. एक सही कमी होती, परत पाठवलं. पायऱ्या उतरताना पडले म्हणे. दवाखान्यात नेलं, पण दीडच्या सुमाराला गेले. फाईल इथेच राहिली." शिक्का मारला. "तुमच्या ओळखीचे?"

थोरलीच्या पर्समध्ये टोकनची वही होती. तिने ती उघडली नाही. उघडायची गरज नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

पोच हातात पडली तेव्हा चार एकोणसाठ झाले होते. ती बाजूला झाली. मागचं माणूस पुढे सरकलं, कागद उलगडल्याचा आवाज झाला, आणि बाहेरच्या दारापर्यंत ती पोचते न पोचते तोच लोखंडी खिडकी खाली पडली. एकदम गलका उठला. ती चालण्याचा वेग वाढवून गाडीत बसली.

"झालं?" धाकट्याने विचारलं.

"झालं."

त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. "वहिनी, विहिरीचा प्लॉट दादाला घेऊ दे. मी आजवर उगाच ताणलं." मग त्याने गाडी सुरू केली. पुलावर गर्दी लागली. घरी पोचायला पाच पस्तीस झाले.

दार ताईने उघडलं. बाबा झोपलेत, ती कुजबुजली. अगदी गाढ, कित्येक महिन्यांत झोपले नव्हते तसे. थोरला उशाशी बसून आहे. थोरलीने पोच तिच्या हातात दिली. ताईने ती वाचली, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"वहिनी, या बाई तुझ्यासाठी थांबल्यात. पाच वाजल्यापासून बसल्यात. बाबांना उठवू का विचारलं, तर नको म्हणाल्या. तूच हवीस."

बाकड्यावर एक बाई बसली होती. चाळिशीची, साध्या सुती साडीतली, मांडीवर नकाशाची गुंडाळी. धाप लागल्यासारखी छाती खालीवर होत होती. अर्धा तास बसूनही धाप कमी झाली नव्हती.

धाकटा उंबऱ्यातच थबकला. त्याच्याही डोळ्यांना ती दिसत होती.

"कार्यालयात मी तुमच्या मागेच होते," बाई म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. "तुमचं झालं आणि त्यांनी खिडकी पाडली."

थोरलीने मनातल्या मनात मोजलं. खिडकी पडली पाचला. ही बाई इथे बसलीय पाचपासून. मधलं अंतर पंचवीस मिनिटांचं. तिने पुन्हा मोजलं नाही.

"इथे कशा आलात?" तिने विचारलं. "इथलं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"रांगेत म्हणत होते," बाई म्हणाली. "उशीर झालेल्यांचं इथे घेतात म्हणून. आधी एक साहेब बघायचे, आता त्यांच्या सूनबाई बघतात." तिने नकाशाची गुंडाळी जरा पुढे केली आणि पुन्हा छातीशी धरली. "घेतात ना?"

आतल्या खोलीतून बाबांच्या घोरण्याचा आवाज येत होता. ताईने दाराची चौकट घट्ट धरली होती. धाकटा म्हणाला, "वहिनी, नको." अगदी हळू म्हणाला.

बाईच्या मागे, बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला, लाकूड करकरलं.

थोरलीने चपला काढल्या, टेबलापाशी गेली आणि बाबांच्या खुर्चीत बसली. पर्समधून टोकनची वही काढून तिने कोरं पान उघडलं.

"या, बसा," ती म्हणाली. "फाईल नंबर सांगा."